पहिल्यासारखं बोल

२ नोव्हेंबर

केस वाढून कमरेला लागले. आई म्हणाली, थोडे कापू का? नाही कापायचे! गोपाल सरांनी फेब्रुवारीतच बजावलं होतं – केस कापायचे नाहीत, वजन वाढवायचं नाही, नाकातली चमकी काढायची नाही. सर सिनेमाचे दिग्दर्शक आहेत, त्यांचं ऐकावंच लागतं. अर्धा सिनेमा तेव्हा झाला, कारण मोर्शीच्या बगीच्यात संत्र्याला फूल होतं. उरलेला आता, संत्री पिकल्यावर. मधल्या काळात सिनेमातली मुलगी, म्हणजे मी, बदलली नाही पाहिजे.

आम्ही सगळं पाळलं. बाबा बडनेरा स्टेशनवर पॉइंट्समन आहेत, हुकूम आला की रुळांचे सांधे बदलतात; सांगितलेलं पाळायची त्यांना सवयच आहे. माझी पाणीपुरीसुद्धा बंद केली!

५ नोव्हेंबर

अमरावतीला आकांक्षा मॅडमकडे स्पीच थेरपीचा शेवटचा तास. मार्चपासून जातेय. आज त्यांनी मला एका अनोळखी मेडिकलवाल्याला फोन करायला लावला. नाव सांगायचं, पत्ता सांगायचा, दुकान कधी बंद होतं ते विचारायचं. विचारलं. कुठेही अडकले नाही. पूर्वी 'दामिनी' म्हणायला मला इतका वेळ लागायचा की समोरचा फोनच ठेवून द्यायचा.

आई बाहेर बाकावर बसून रडली. मॅडमचेही डोळे भरले. मला भूक लागली होती. मनात काहीतरी व्हायला पाहिजे होतं. झालं नाही.

वर्गात मला 'हँग' म्हणतात. मोबाईल हँग होतो तशी. आता काय म्हणतील?

७ नोव्हेंबर

बॅग भरली. आई म्हणत होती, सरांना फोन करून सांगू का, दामिनीचं बोलणं सुधारलं म्हणून? बाबा म्हणाले, "कायले? तिथंच आयकतीन. खूश होतीन." स्टेशनवर त्यांचं ड्युटीवरच्या सगळ्यांना सांगून झालंय. हमालांनासुद्धा.

८ नोव्हेंबर, मोर्शी

बाबांनी येताना संत्रा बर्फीचा मोठा डबा घेतला, युनिटला वाटायला. गाडीतून उतरल्या उतरल्या उघडला आणि गोपाल सरांसमोर धरला. "सर, तोंड गोड करा. आमची दामिनी आता फटाफट बोलते." मग मला – बोल, सरांशी बोल.

मी बोलले. नमस्कार सर, कसे आहात, आमचा प्रवास चांगला झाला. एका दमात.

सरांच्या हातात बर्फी होती. त्यांनी ती खाल्ली नाही, परत डब्यातही ठेवली नाही. सर मूळचे अकोल्याचे, पण पुण्यात राहून बोलणं तिकडचं झालंय. आज अकोला बाहेर आला.

"हे काहून केलं तुमी?"

बाबांना कळलंच नाही. मला कळलं. सिनेमातली मुलगी बोलताना अडकते. अगदी शेवटच्या सीनपर्यंत अडकते. म्हणून तर मला घेतलं होतं! शाळेत निवड करायला आले तेव्हा बाकीच्या पोरींनी नाच केला, कविता म्हटल्या. मला नुसतं नाव विचारलं. मी नावावरच अडकले आणि सर खुर्चीत सरळ बसले. त्यांना वाटलं असेल, हे हिचं असंच राहणार, नाकासारखं.

बोलणं बदलायचं नाही, असं आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं.

९ नोव्हेंबर

आज अडकण्याचं नाटक केलं. द-द-द-दादा. दिवसभर. सर म्हणाले, खोटं वाटतंय. परत घेतलं. परत खोटं. पहिल्यासारखं बोल, पहिल्यासारखं बोल – हेच. दुसरी मुलगी घेता येत नाही, अर्ध्या सिनेमात माझा चेहरा आहे. थांबताही येत नाही, फळ व्यापाऱ्याने घेतलंय आणि तोडणी जवळ आली.

संध्याकाळी आईने मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, नका करू. मुद्दाम अडकलेलं नंतर सुटेलच असं मीच काय, कोणीच सांगू शकत नाही. बाबांचं म्हणणं वेगळं. चार दिवसांचा तर खेळ आहे. सरांनी विश्वासाने घेतलं, आता मधेच पाय काढायचा का? दोघं खोलीत हळू आवाजात भांडले. मला ऐकू येईल इतक्या हळू.

आई म्हणाली, "अन् सुटलं नाही तं?"

"काहून नाही सुटनार? इतल्या मेहनतीनं घालवलं तिनं."

मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं – मला हा सिनेमा पाहिजे. अकोल्याच्या, अमरावतीच्या टॉकीजमध्ये मोठ्या पडद्यावर मी दिसले पाहिजे. बाकी कशाचं आता काही वाटत नाही. याचं वाटतं.

१० नोव्हेंबर

द-द-द नसतंच ते. नकला करणारे तसं करतात. खरं अडकणं म्हणजे काहीच येत नाही. शब्द माहीत असतो, जीभ जागेवर जाते आणि गळा बंद. हवासुद्धा आत राहते. डोळे आपोआप मिटतात. मॅडमनी शिकवलंय, अशा वेळी गळा सैल सोडायचा, शब्दाला ढकलायचं नाही. आज मी उलटं केलं. ढकललं.

सापडलं! तिथेच होतं.

सरांनी कट म्हणायला उशीर केला. बगीच्याचे मालक नत्थुजी धोतराच्या सोग्याने डोळे पुसत होते. मग टाळ्या. बाबांनीही वाजवल्या. आई उठून चहाच्या टेबलाकडे निघून गेली.

मला काही वाटलं नाही. गळा दुखत होता, एवढंच.

११ नोव्हेंबर

आज पण. सगळे सीन पहिल्याच टेकला. सर मला हुकमी एक्का म्हणतात.

१२ नोव्हेंबर

सीन झाला की मी गाडीच्या आडोशाला जाते आणि बोलून बघते. दामिनी संघपाल तायडे, बडनेरा. येतं. लगेच येतं. लग्नाला गेलेली बाई जशी सारखी गळ्यातली पोत चाचपते, तसं चाललंय माझं. आई काही विचारत नाही. पण मी तोंड उघडलं की तिची मान वर होते.

१४ नोव्हेंबर

शेवटचा सीन. मुलीचा भाऊ घर सोडून निघालाय. ती बगीच्यातून धावत येते आणि न अडकता ओरडते – दादा, मले सोडून नोको जाऊ! सिनेमात ती तिथे बरी होते. एका झटक्यात! मला आठ महिने लागले. हे वाक्य पुण्याच्या कुठल्यातरी मुलीच्या आवाजात घालायचं ठरलं होतं, कारण माझ्याच्याने ते झालं नसतं. आज सर म्हणाले, तूच बोल.

धावले. गळा सैल सोडला. आलं. पूर्ण वाक्य, पार कुंपणापर्यंत ऐकू गेलं.

आई धावत आली आणि तिने मला घट्ट धरलं. किती तरी वेळ सोडलंच नाही. बाबा तिला म्हणाले, "पाह्य, मी म्हनलं नोतं का?" सर म्हणाले, हा आवाज जसाच्या तसा ठेवणार, डबिंगसुद्धा करणार नाही.

आज मात्र आनंद झाला. खरंच झाला. म्हणून लिहून ठेवते.

१५ नोव्हेंबर

बडनेरा. केस कापले. दिवसभर झोपले.

१७ नोव्हेंबर

शाळेत सगळ्यांना शूटिंगचं ऐकायचं होतं. हीरो कोण, जेवायला काय होतं, टीव्हीवर कधी येणार. मी थोडंच सांगितलं. मान हलवून भागत होतं तिथे मान हलवली. थकवा असेल.

१९ नोव्हेंबर

जेवताना आईकडे भाजी मागायला तोंड उघडलं. उघडंच राहिलं. आईचा हात भांड्यावर थांबला. बाबा हसले. म्हणाले, "बस कर बेटा आता. शूटिंग संपलं."

मी करत नव्हते.