सासूबाई तीनशे मीटरवर आहेत

प्रिय मेहुणेबुवा एनोक यांस,

येरेमियासचा नमस्कार. नूकला तुमच्याकडे सगळे बरे असतील अशी आशा करतो. वहिनींना सातवा लागला असेल, त्यांना जिने चढू देऊ नका आणि सीलचा रस्सा रोज द्या. इकडे आम्ही ठीक. माझा गुडघा दुखतो, म्हातारी कुत्री पुन्हा व्यायली, आणि तुमची बहीण गेले अकरा दिवस माझ्याशी धड बोललेली नाही. फोनवरून तिने तुम्हाला काय सांगितलं ते मला ठाऊक आहे, कारण ती सांगत होती तेव्हा मी त्याच खोलीत जाळी दुरुस्त करत होतो. त्यातलं निम्मं खोटं आहे. उरलेलं निम्मं खरं आहे, पण ते मुळापासून ऐकलंत तर माझी थोडी तरी कीव येईल.

ऑगस्टमध्ये कोपनहेगनहून मेरेते नावाची एक बाई आली. आपल्या खाडीच्या तळाशी कोण कोण राहतं याची तिला मोजदाद करायची होती. (शिरगणती म्हणा, फक्त यातल्या निम्म्यांना शिर नसतं.) गावातल्या इतरांना कामं होती, म्हणून माझी होडी ठरली. दोराला बांधलेला दिवा आणि कॅमेरा तीनशे मीटर खाली सोडायचा आणि होडीत पडद्यासमोर बसायचं, एवढंच काम. मी तीस वर्षं या पाण्यात गळ सोडतोय. माझी समजूत अशी, की तळाला चिखल असतो आणि चिखलावर हॅलिबट मासा असतो, बाकी जाणून घेण्यासारखं काही नाही. हिमनदीच्या तोंडाशी तसंच निघालं. ती वरून इतका गाळ ओतते, की तिथे राहायचं म्हणजे रोज छप्पर अंगावर घ्यायचं. पण खाडीच्या बाहेरच्या टोकाजवळ, जिथे मी गळ सोडतो तिथे, चिखलात धोंडे पडलेले आहेत. बर्फाचे डोंगर पोटात धरून आणतात आणि वितळताना टाकून जातात, ते. अख्ख्या चिखलात पाय रोवायला जागा तेवढीच, त्यामुळे एकेका धोंड्यावर ही गर्दी! स्पंज, नळीतले किडे, सुतासारख्या हातांचे तारामासे, सगळे एकमेकांच्या डोक्यावर. ती बाई किडे बघून आनंदाने ओरडायची. पडद्यावरून दारापेक्षा रुंद हॅलिबट गेला, मी उठून उभा राहिलो, तर म्हणते कशी, "जरा बाजूला व्हा, तारामासे मोजायचेत." तीन दिवस मी हे सहन केलं, हे तुमच्या बहिणीला कोणीतरी सांगायला हवं.

तिसऱ्या दिवशी सगळ्यांत मोठा धोंडा आला. त्यावर गर्दी नव्हती. एकच भलंमोठं समुद्रफूल (नावाला फूल, आहे प्राणीच) बसलं होतं, काळपट लाल, चांगलं ऐसपैस. हात चारी दिशांना पसरलेले, जवळून जाईल ते ओढून घ्यायचं, आणि आजूबाजूला दुसऱ्या कोणाची टेकायची हिंमत नाही. आमच्या दिव्याचा उजेड अंगावर पडताच त्याने सगळे हात आत घेतले आणि तोंड मिटलं. मेरेतेने विचारलं, याला वहीत काय नाव देऊ, इथलंच एखादं सांगा. माझी बोटं गारठलेली, कॉफी सांडलेली, आणि तोंडातून निघून गेलं, "बोलेट."

तिने लिहून घेतलं. तुमच्या आईचा अपमान करण्याचा माझा हेतू नव्हता. (होता, पण अगदी थोडा. बावीस वर्षं जावई होतो मी.)

इथपर्यंतही निभावलं असतं. पण ही गंमत मी दुकानात सांगितली. तिथे रेगिना सुईण पीठ घेत उभी होती. ती हसली नाही.

"अरे येरेमियास, तू नाव मोठ्याने घेतलंस?"

"घेतलं."

"बोलेट मार्चमध्ये गेली. तिचं नाव अजून कोणाला दिलेलं नाही ना?"

"नाही. एनोकच्या बाळासाठी ठेवलंय."

"ठेवलं होतं म्हण," ती म्हणाली आणि पीठ तिथेच टाकून गावभर सांगायला गेली.

मी घरी पोचेपर्यंत सगळं ठरलेलं होतं. नाव पोचलं. आता आपली रीत तुम्ही मला नव्याने सांगू नका, गेलेल्याचं नाव ज्याला मिळालं त्याला त्याच नात्याने हाक मारायची आणि तसंच वागवायचं, हे मीही लहानपणापासून करत आलोय. पण आजवर असं नाव मिळालेल्यांना निदान पाय होते! तुमची बहीण सेवेरिना आधी रडली. मग डोळे पुसून विचारते, "आई कशी आहे? खातेय का नीट?" मी म्हटलं, भरपूर. मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. "तुझे गळ तिथेच असतात ना? माझ्या आईच्या तोंडावरून आठशे गळ फरफटत नेणार तू?"

झालं. टोकाजवळचं पाणी मला बंद. आणि ते तर माझं सगळ्यांत चांगलं पाणी! मेरेते बिचारी घाबरली, म्हणाली नाव खोडते, नुसता क्रमांक 'सतरा' लिहिते. सेवेरिनाने तिला सुनावलं, "माझ्या आईला सतरा म्हणणार?" मग रविवारी रीतसर कॉफीचं बोलावणं झालं, सात प्रकारचे केक. गाव अभिनंदनाला आलं आणि नाव ठेवणारा म्हणून दारात मी उभा. कोणी वजन विचारत होतं. एकीने विणलेले मोजे आणले. फक्त दोनच.

असा सगळा तमाशा आहे. हॅलिबटचा हंगाम चाललाय आणि मी किनाऱ्यावर बसून पत्रं लिहितोय. वहिनींना जपा.

तुमचा,
येरेमियास

ता. क. : मुद्द्याचं राहिलंच. नोव्हेंबरात बाळ झालं की त्याचं नाव बोलेट ठेवा. रेगिना काहीही म्हणो. मुलगा झाला तरी ठेवा, आपल्यात नावाला बाई-पुरुष नसतं. नाव दोन पायांवर आलं, की सेवेरिना त्या बाळाकडे वळेल आणि मला माझं पाणी परत मिळेल. हे पत्र तिला दाखवू नका.

ता. क. दुसरा : पत्र टाकायचं राहिलं होतं, तेवढ्यात आणखी एक घडलं. मेरेतेने जाण्याआधी सेवेरिनाच्या हट्टाखातर कॅमेरा पुन्हा सोडला. तुमची बहीण पाऊण तास त्या पडद्यासमोर बसून बोलत होती. गळक्या छपराचं सांगितलं, तुमच्या बाळाचं सांगितलं, माझ्या तक्रारी तर सविस्तर सांगितल्या. आणि आईच्या शेवटच्या दिवशी दवाखान्यात वेळेवर पोचता आलं नाही, तेही सांगितलं. मार्चपासून त्या दिवसाबद्दल ती एक अक्षर बोलली नव्हती. मी इंजिन बंद करून मागे बसून होतो. घरी येऊन तिने दोन वाट्या रस्सा खाल्ला आणि मला म्हणाली, "गुडघ्याला तेल लाव."

तेव्हा बाळाला नाव जरूर द्या, पण खालचं नाव रद्द झालं असं फोनवर कधी म्हणू नका. एक नाव दोघांना चालतं, आणि तुमची आई दोघांना पुरून उरेल. माझ्या पाण्याची काळजी करू नका. गळांचे दोर मी आज सकाळीच बेटापलीकडे हलवले. तिकडचे मासे लहान आहेत.