ठणठणीत म्हणालात तुम्ही

सर, तुमच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. इतकी वर्षं झाली, लोक तुमची आठवण काढताना डोळे पुसतात आणि मला मात्र तुमच्याशी कडाकडा भांडावंसं वाटतं.

रत्नागिरीत तुमच्याकडे डायव्हिंग शिकलेल्या प्रत्येकाला तुमचा नियम पाठ होता. होडीत सिलिंडरला हात लावायच्या आधी प्रत्येकाने आपली तब्येत मोठ्याने सांगायची. कान, छाती, झोप, सगळं. एकदा मी सर्दी लपवली. तुम्ही माझ्या तोंडाकडे बघितलंत आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "नाक चोंदलंय ना गो तुझं? मग खोटं कशाला बोलतेस? खाली कान फुटला तर तुझ्याबरोबर उतरलेल्या जोडीदाराने काय करायचं?" दिवसभर मला होडीतच बसवून ठेवलंत. उन्हात करपले, रडले. संध्याकाळी तुमचा स्वतःचा मास्क माझ्या हातात ठेवलात आणि निघून गेलात. तो मी अजून वापरते.

तुम्हाला मात्र कधी कोणी विचारत नसे. सरांना काय विचारायचं! त्या सकाळी तुमची जोडीदार मी होते, म्हणून थट्टेनेच विचारलं, "आणि सर, तुम्ही?" "ठणठणीत!" म्हणालात. खाली खडकापाशी तुम्ही छातीवर हात दाबलात, तेव्हा मला वाटलं काही खूण करताय. तुम्हाला धरून मी सावकाश वर आणलं. होडीत घेतलं तोवर सगळं संपलं होतं.

दिवसकार्य झाल्यावर तुमच्या स्वयंपाकघरात काकू आमसुलं निवडता निवडता मला म्हणाल्या, "रात्रभर छाती चोळत होते गो. म्हटलं, नका जाऊ. तर म्हणे, मुंबईची माणसं आलीयत, त्यांना काय सांगू?" काय सांगू म्हणजे? आज मला बरं नाही, एवढंच सांगायचं होतं सर! मला शिकवलंत तेच. पाण्याखाली मी तुमच्या भरवशावर होते आणि तुम्ही माझ्याशी धडधडीत खोटं बोललात. मी घाबरून घाईने वर सुटले असते तर फुप्फुसं फाटून मीही गेले असते आणि माझी आईही काकूंच्या शेजारी रडत बसली असती. याचा विचार तरी केलात का?

आज सकाळी माझ्याकडे डायव्हिंगला आलेले एक गृहस्थ होडीत "एकदम फिट" म्हणाले. त्यांची बायको हळूच म्हणाली, जिना चढताना दम लागतो यांना. मी त्यांना उतरू दिलं नाही. ते भडकले, "माझी जबाबदारी मी घेतो ना!" मी ओरडलेच, "मग इथे होडीत बसून घ्या!" तुमच्यावरचा राग त्या बिचाऱ्यावर निघाला.

हे पत्र पाठवायचं कुठे? पण पत्ता असता तरी आज पाठवलं नसतं. परवापासून माझा उजवा कान ठणकतोय. होडीत मला कोणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. तुमचा मास्क लावला आणि उतरले.