लिहिण्याच्या टेबलावरचा व्हाइस

११ जानेवारी

बाबा आले. सोबत एक पोतं. पोत्यात व्हाइस — लोखंडी जबड्यात तुकडा घट्ट धरणारा, बाकाला बोल्टांनी आवळायचा, निळा रंग निम्मा उडालेला. वजन बावीस किलो. बाबा स्वतः एकोणपन्नास किलो.

“कपडे कुठायत?”

“त्या पिशवीत.” ती पिशवी भाजीची होती! एकतीस वर्षं फिटर म्हणून काढलेल्या माणसाचा संसार: दोन पायजमे, तीन शर्ट, दाढीचं सामान आणि बावीस किलो लोखंड.

मी म्हटलं, “बाबा, माझ्याकडे वर्कशॉप नाही. दोन खोल्या आहेत.”

“मग? तो काय खोली मागतोय का?”

दादाचा फोन. दादा म्हणजे फोनच. प्रत्यक्ष पाहिल्याला तीन वर्षं झाली. “तू घरीच असतेस, त्यामुळे काळजी नाही.” मी घरी असते म्हणजे मी आठवड्याला एक सदर लिहून लोकांना हसवते. दादाच्या मते त्याला ‘घरी असणं’ म्हणतात.

१४ जानेवारी

काल सकाळी बाबा बाथरूममध्ये पडले. आतून कडी. मी बाहेरून दार ठोकतेय, ते आतून सांगतायत — “काही नाही. बसलोय जरा.” फरशीवर बसले होते! उठता येत नव्हतं, पण सांगायचं नव्हतं. सुतार येईपर्यंत चाळीस मिनिटं. त्याने कडी उखडून काढली.

खुबा वाचला. डॉक्टर म्हणाले, “पुढच्या वेळी वाचणार नाही. आणि दार आतून लावू द्यायचं नाही. अजिबात.”

दाराला आता स्क्रूची चार भोकं आहेत. कडी नाही.

१६ जानेवारी

बाबा पाणी पीत नाहीत. चहा अर्धा कप. ओठ सोलवटलेत.

आज कारण काढून घेतलं. “दार लागत नाही तिथे मी जाणार नाही. मुलीचं घर आहे.”

म्हणजे जायला लागू नये म्हणून प्यायचं नाही. सरळ हिशोब. उपाय म्हणून मी बिल्डिंगच्या फाटकापाशी जाऊन उभं राहायचं, ते आत बादली दाराला टेकवणार, झाल्यावर खिडकीतून टॉवेल हलवणार. दिवसातून तीन वेळा. वॉचमनची खात्री पटलीये की माझं कुणाशी तरी जुळलंय. वयाच्या एकावन्नाव्या वर्षी! ते नाकारायला जीव होईना.

१७ जानेवारी

दादा: “मी एक वृद्धाश्रम बघून ठेवलाय. बाग आहे.”

मी: “त्यांना बाग कशाला? ते झाडाला पण विचारतील, हे कुणी बसवलं, सरळ नाहीये.”

दादा हसला नाही. “फेब्रुवारीच्या दहा तारखेला मी येतो. तोपर्यंत पाणी नीट पीत असतील, पडले नसतील, तर राहू देत. नाहीतर घेऊन जातो. तुझ्याच भल्यासाठी बोलतोय.”

माझ्या भल्याची काळजी करणाऱ्यांची मला फार धास्ती वाटते.

बाबांनी सगळं ऐकलं. म्हणाले, “व्हाइस बसव.”

“कशाला?”

“बसव म्हणतो ना.”

१८ जानेवारी

घरभर तपासणी. बाबा प्रत्येक फर्निचरवर बोटाच्या पेरांनी टकटक करत फिरले, डॉक्टर छाती ठोकून बघतात तसे. निदान ताबडतोब.

जेवायचं टेबल: “हा भुसा आहे. भुशाला डिंक लावून विकलाय तुला.”

ओटा: “दगड तडकेल.”

पलंग: “यावर माणूस झोपतो?”

पुस्तकांचं कपाट: “यातली पुस्तकं कपाटाला धरून उभी नाहीत. कपाट पुस्तकांना धरून उभंय.”

मग माझ्या लिहिण्याच्या टेबलाशी थांबले. सागवानी. जाड. पहिल्या पुस्तकाच्या वेळी घेतलेलं. घरात ज्याला हात लावू नये म्हणून मी माणसं तोडलीत असं एकमेव फर्निचर.

टकटक. कान लावला. हसले! आल्यापासून पहिल्यांदा.

“हे.”

“नाही.”

१९ जानेवारी

दिवसभर बोलणं बंद. मी तांब्यावर पेनाने खूण करून ठेवली होती. संध्याकाळी पाणी खुणेच्या दोन बोटं खाली.

दोन बोटं पाणी. पूर्ण दिवसात.

२० जानेवारी

माझ्या टेबलाला चार भोकं पडली. आरपार. ड्रिल फिरत होतं आणि मी स्वयंपाकघरात उभी राहून उगाच डबे पुसत होते.

सुताराने खुणा काठापासून आत केल्या होत्या. “ताई, आत असलं की दिसायला बरं.”

बाबा: “दिसायला पाहिजे तर फोटो टांग. मागचा जबडा काठाच्या बाहेर यायला हवा. लांब गज उभा धरायचा झाला तर खाली कुठून जाणार? टेबलातून?”

मग मध्यावर की कोपऱ्यात यावरून तंटा. बाबांचं म्हणणं, बरोबर पायाच्या डोक्यावर. ठोका पायातून सरळ जमिनीत गेला पाहिजे, फळीत नाही. सुतार म्हणाला, “काका, तुम्हीच करा मग.” बाबा म्हणाले, “करता आलं असतं तर तुला बोलावला असता का?” सुताराने खुणा पुसून नव्या केल्या. नंतर सुतार त्यांना उस्ताद म्हणायला लागला.

शेवटी उंची. मूठ हनुवटीखाली धरायची. कोपर जबड्यावर टेकलं पाहिजे. बाबा उभे राहिले. कोपर अधांतरी. व्हाइसखाली तीन इंचाचा लाकडी ठोकळा घातला, तेव्हा टेकलं. मोठे वॉशर घालून सुताराने बोल्ट आवळले. बाबांनी दोन हातांनी व्हाइस हलवून बघितला. टेबल हललं, खोली हलली, तो हलला नाही.

डाव्या बाजूला आता माझ्या वहीशेजारी एक निळं जनावर तोंड उघडून बसलंय.

२२ जानेवारी

काल बाबांनी पितळेचा तुकडा जबड्यात धरला, कानस घेतली आणि दहा मिनिटांत स्टुलावर बसले. आज सात मिनिटांत. कानस तशीच टेबलावर टाकून. हत्यार असं टाकणारा माणूस त्यांनी आयुष्यात माफ केला नव्हता.

मी म्हटलं, “राहू दे. नाही जमत तर नाही.”

त्यांनी पाठ फिरवली. पाणीही नाही.

२३ जानेवारी

सकाळी, दाढी करता करता: “ठोकळा काढ.”

“का?”

“मोजताना मी ताठ उभा राहिलो.”

“मग?”

“तसा मी उभा राहत नाही आता.” आरशातल्या स्वतःलाच सांगत होते. “माप घेताना साहेब आल्यासारखा उभा राहिलो. माझी चूक.”

‘माझी चूक’! एकावन्न वर्षांत मी हे दोन शब्द त्यांच्या तोंडून ऐकले नव्हते. दादाला फोन करून सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही. तो ठोकळ्याचं विचारत बसला असता.

ठोकळा मीच काढला. पाना धरायला बाबांनी शिकवलं. स्टुलावर बसून कोपर बरोबर टेकलं.

२५ जानेवारी

खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. यांचं एकच काम: छताला कान लावणं.

“वरती काय चाललंय? चार दिवस खर्र खर्र.”

“वडील आलेत.”

“अगं बाई. छातीत भरलंय का?”

मी हो म्हटलं. काकूंनी काढा पाठवला. बाबांनी तो मोरीत ओतला आणि म्हणाले, टेबलाच्या पायांखाली जुनी रबरी पायपुसणी घाल.

२७ जानेवारी

पितळ मऊ, व्हाइसचे दात कडक. नुसतं धरलं तर चावे उठतात. म्हणून बाबांनी माझा बिस्किटांचा पत्र्याचा डबा कापून जबड्यांना आतून अस्तर केलं. डबा विचारून घेतला नाही. अस्तर सुरेख झालंय.

त्यांचे हात थरथरतात. कप धरला की बशी वाजते. पण कानशीवर दोन्ही हात ठेवून जोर दिला की थरथर कुठे जाते कोण जाणे. मी सदर लिहायच्या निमित्ताने शेजारी बसून तेच बघत असते. पुढे ढकलताना दाब, मागे आणताना हलकी. पुढे, मागे. पितळेची पिवळी धूळ माझ्या कागदावर. त्यातल्या ओळींपेक्षा चमकदार!

“करताय काय तुम्ही?”

“कडी.”

तेवढंच. मग थोड्या वेळाने — “पाणी दे जरा.”

स्वतः मागितलं. मी तांब्याच घेऊन आले. “आंघोळ घालतेस का?” म्हणाले.

३० जानेवारी

कडी बसली. ओबडधोबड नाही. दुकानातल्या कडीला लाज वाटावी अशी. आतून खुंटी, बाहेरून खाच. आत माणूस कडी लावून निवांत. बाहेरच्याने खाचेत नाणं घालून अर्धा फेरा दिला की कडी मागे सरकते.

“कुठल्या बाजूला फिरवायचं?”

“कुठल्याही. अर्धा फेरा. लावलेली असेल तर निघते, निघालेली असेल तर लागते. डावं-उजवं तुला शाळेतही कळत नव्हतं, म्हणून तशी केली.”

मग कवायत. ते आत, मी बाहेर. “हं, पडलो!” आतून ओरडणार, मी नाणं लावणार. पहिल्यांदा नाणं निसटून फ्रिजखाली गेलं. दुसऱ्यांदा खाचच सापडेना. चौदा वेळा केलं.

बाहेर येऊन म्हणाले, “चौदातल्या पाच चुकल्या. असा माणूस मी खात्यात ठेवला नसता.”

नाणं आता दाराच्या चौकटीवर ठेवलंय. त्याला हात लावायचा नाही, असा हुकूम.

संध्याकाळी ते आत गेले. दार लागलं. मग कडी — टक्. मी फाटकाशी गेले नाही. वॉचमनला वाटलं असेल, मोडलं.

२ फेब्रुवारी

तांब्या संपला. पूर्ण!

५ फेब्रुवारी

बाबांनी माझं सदर वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.

“यात हसायचं कुठे?”

मी जागा दाखवली.

“अच्छा.” जरा थांबून, “मग इथे बारीक कर. एवढा जोर लावलास की वाकडं होतं.”

तीस वर्षांत इतकी नेमकी टीका झाली नव्हती. वाक्य अर्ध्यावर आणलं. बरं झालं. त्यांना सांगितलं नाही.

सकाळी तो ‘टक्’ ऐकू आला की हात पुन्हा लिहायला लागतो. ऐकू येईपर्यंत तो थांबलेला असतो, हे आजच लक्षात आलं.

७ फेब्रुवारी

दादाला कळवलं: पाणी भरपूर, पडणं नाही, कडी स्वतः केलेली. तो म्हणाला, “कडी लावू देतेस? डॉक्टर नको म्हणाले होते ना?” मी खाच समजावली. “आणि तुला जमतं?”

जमतं, म्हटलं.

आज पुन्हा कवायत. सहा वेळा. दोन चुकल्या. मी वैतागले. “बाबा, पुरे. मी काही बॉम्ब निकामी करत नाहीये.”

“एरवी जमतं तुला. घाईत नाही जमत.”

“मग घाईची वेळ आणू नका.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. नेहमीसारखं तोडून काही बोलतील असं वाटलं. “बरं,” म्हणाले. आणि नाणं शर्टाच्या टोकाने पुसून चौकटीवर ठेवलं.

८ फेब्रुवारी

व्हाइसला तेल दिलं त्यांनी. जबडे मिटले, पण पूर्ण नाही. कागद जाईल एवढी फट ठेवायची असते म्हणे. नुसतं लोखंड लोखंडावर आवळून ठेवायचं नाही. परवा दादा येणार. त्याला दाखवायला म्हणून मी फाटकाजवळच्या दुकानातून नवा शर्ट आणलाय. “कॉलर वाकडी आहे,” म्हणाले. घालणार आहेत.

११ फेब्रुवारी

बाबा परवा सकाळी गेले. बाथरूममध्ये.

सात वाजून वीस मिनिटांनी आवाज झाला. मी हाक मारली. उत्तर आलं — माझं नाव, अर्धं. मी नाणं घेतलं, खाचेत बसवलं, अर्धा फेरा दिला. हात घसरला नाही. पहिल्याच वेळी, त्यांनी शिकवलं तसं. दार उघडेना. ढकललं. खांदा लावला. लाथा मारल्या. किती वेळ, माहीत नाही. खालच्या काकू वर आल्या तरी उघडलं नव्हतं. मग नाणं पुन्हा लावलं, पुन्हा फिरवलं.

उघडलं.

आज लिहायला बसले आणि हात थांबून राहिला. परवा टक् झालाच नव्हता. त्यांनी कडी लावलेली नव्हती. मी लावली.