तुमच्या वाट्याच्या टाळ्या

विहीणबाईंना सप्रेम नमस्कार,

इकडे सगळे ठणठणीत. नातवाला दात येताहेत, त्यामुळे झोप कुणालाच नाही. तुमचा पाय कसा आहे? प्लास्टरच्या आत खाज सुटली तर विणायची सुई घालू नका (आमच्या ह्यांनी घातली होती, ती काढायला डॉक्टर लागले). इतकं विनवूनही तुम्ही इकडे येत नाही. ‘लेकीच्या सासरी फुकट बसून खाणार नाही’ हे तुमचं पालुपद मला आता चालीसकट पाठ झालंय. मोडक्या पायाने एकट्या बाईने तिसऱ्या मजल्यावर राहायचं, ह्याला स्वाभिमान म्हणायचं की हट्ट, ते तुम्हीच ठरवा. पण आज भांडायला लिहीत नाही. एक-दोन दिवसांत वर्तमानपत्रात माझा फोटो येईल आणि त्याखालची ओळ वाचून तुमचा दुसरा पायही घसरू नये, म्हणून आधीच सांगते. (फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही, म्हणून पत्र.)

तर पदवीदानाची गोष्ट. तुमच्या लेकीला रसायनशास्त्राचं सुवर्णपदक मिळालं हे तुम्हाला कळलंच आहे. विद्यापीठ एवढंसं, सगळ्या विषयांत मिळून पदकं चार, त्यातलं एक आपल्या घरात. आदल्या दिवशी भाड्याचा काळा गाऊन आला, तो असा चुरगळलेला की मागच्या वर्षीचा पदवीधर त्यातच झोपला असावा. मला राहवेना. कुणाला न सांगता इस्त्री तापवली, तेवढ्यात नातू रडला, मी धावले, आणि परत येते तर गाऊनच्या पाठीवर इस्त्रीच्या आकाराचं भोक. तुम्ही असता तर बोलता बोलता रफू करून टाकलं असतंत, जन्म मशीनवर गेलाय तुमचा. माझी शिवणकला बटणापाशी संपते. शेवटी ह्यांच्या जुन्या छत्रीचं कापड आतून टाचण्यांनी अडकवलं. सूनबाईने ते पाहिलं आणि चक्क हसली. मी कुणाला पाठ दाखवणारच नाही, म्हणाली. (मी माझ्या सासूबाईंच्या शालीला साधा डाग पाडला होता, तर त्या सहा महिने बोलल्या नव्हत्या. तुम्ही मुलीला काय खाऊ घालून वाढवलंत कुणास ठाऊक.)

सभागृह भरलेलं. खुर्च्या कमी पडल्या म्हणून कुलगुरू स्वतः उपाहारगृहातून दोन-दोन उचलून आणत होते. सूनबाईचं नाव पुकारलं, ती उठली आणि छत्रीचं कापड टाचण्यांसकट खाली पडलं. तिने माझ्याकडे पाहिलं. पुढचं मी ठरवून केलं नाही, पाय आपोआप चालले. तिच्या पाठीला चिकटून मी चालत गेले, ती पायरी चढली की मी चढायचे. अशी आमची वरात थेट मंचावर. निवेदन करणारे ग्रंथपाल नाव वाचायचे थांबले आणि त्यांनी मला माइकवरूनच विचारलं, “आपण मुलीच्या आई का?” नाही म्हटलं असतं तर त्यांनी मला खाली पाठवलं असतं आणि भोक अख्ख्या सभागृहाने पाहिलं असतं. मी म्हटलं, “हो.”

प्रमुख पाहुणे एवढे खूश झाले की आईंनी दोन शब्द बोलावेत म्हणाले. झाली का पंचाईत! आता आई म्हणून मी काय बोलणार? मला एकच माहीत होतं, तुमचं. तेच सांगितलं, पण मी मी करत. हिचे वडील गेले तेव्हा ही शाळेत होती, मी दिवसभर लोकांचे कपडे शिवले, मशीनच्या दिव्यात हिला अभ्यासाला बसवलं, एकदा फीसाठी तीन नवरींचे पोशाख एका आठवड्यात उरकले. एवढंच नाही, तुमचं उजवं मनगट दुखतं ना, तेही मी धरून दाखवलं. (डावं धरलं होतं, असं ह्यांचं म्हणणं. कुणाच्या लक्षात आलं नाही.) लोक उठून उभे राहिले हो. मला रडू कोसळलं. कारण बोलता बोलता मला पहिल्यांदाच नीट कळलं, की तुम्ही केवढं केलंत.

गंमत पुढेच. रांगेतल्या पोरांना वाटलं, यंदा हीच पद्धत आहे. पुढच्या मुलाने बापाला ओढत आणलं, त्याच्या पुढच्याने आजीला. एका मुलीचं घरचं कुणी आलं नव्हतं, तर ती वसतिगृहाच्या स्वयंपाकीणबाईंना घेऊन आली. त्या हात पुसतच मंचावर चढल्या, आणि सर्वांत जास्त टाळ्या त्यांना पडल्या. पाहुण्यांनी भाषणात ह्या सुंदर परंपरेचं कौतुक केलं आणि कुलगुरूंनी ते, शंभर वर्षांची परंपरा असल्यासारखं, गंभीरपणे मान डोलावून स्वीकारलं.

तेव्हा फोटोखाली ‘आईसह’ असं छापून आलं तर रागावू नका. मुलगी तुम्ही घडवलीत आणि मिरवायला मला मिळाली, आयती. तुमचे आभार मानायला मला आजवर सुचलं नाही, ते आज मनापासून मानते. टाळ्या तुमच्या आहेत, माझ्याकडे फक्त ठेवायला दिल्यात असं समजा.

तुमची जागा न विचारता घेतलेली,
तुमची विहीण

ता. क. : चहाच्या वेळी कुलगुरूंनी मला बाजूला घेतलं. एवढं कसबी शिवणकाम करता, तर पुढच्या वर्षीपासून विद्यापीठाचे स्वतःचे गाऊन तुम्हीच शिवा, म्हणाले. ऐंशी गाऊन. मला ‘हो’ म्हणायची सवयच लागली होती. आता मला सुईत दोरा ओवता येत नाही हे त्यांना कोण सांगणार? खिडकीजवळची खोली रिकामी केली आहे, मशीन घेऊन या. फुकट बसायचा प्रश्नच नाही, उलट मीच तुमच्या हाताखाली राबेन.

ता. क. दुसरा : एक सांगायचं राहिलं. पाहुणे पदक गळ्यात घालायला पुढे झाले, तेव्हा सूनबाईने ते हातातच घेतलं. मला वाटलं, टोपी पडेल म्हणून. घरी आल्यावर विचारलं, तर म्हणाली, “ते माझी आई घालेल.” हे ती तुम्हाला कधी बोलून दाखवणार नाही, म्हणून मी लिहिते. गाऊन काय, कुणीही शिंपी शिवेल. तुम्ही या.