अनामिक सॅक्सोफोनवाल्याची शिफारस

३ फेब्रुवारी, मंगळवार
आजपासून नोंद ठेवणार. पुढेमागे कोणी म्हणालं की शोध आमचा, तर तारखेसह पुरावा हवा. वही कपाटात. कपाटाला कुलूप. किल्ली माझ्याकडे.

शोध असा. रद्दीवाल्याच्या ढिगात एक मोठी तबकडी मिळाली. कव्हर कोरं, मधला गोल कागद ओल लागून सोललेला. वाजवणाऱ्याचं नाव नाही, काही नाही. घरी लावली आणि पहिल्या फुंकरीतच कळलं, जॅझ. सॅक्सोफोन. पण इतका जड आणि सावकाश, की एकेक सूर खाली ठेवताना माणूस दमतो आहे असं वाटतं. शेवटी वाद्य थांबतं आणि कोणीतरी हुं... हुं... हुं... करतं. वाजवणारा रडतो आहे! रेकॉर्डिंग चालू असताना रडला आणि ते कोणी कापलं नाही.

रद्दीवाला तबकडी देताना हसला होता. का हसला, ते कळलं नाही. लक्ष ठेवावं लागेल.

५ फेब्रुवारी, गुरुवार, सकाळी ७.१०
रेकॉर्ड वाजवायच्या मशीनचा स्पीडचा खटका तेहतीसवर, म्हणजे मिनिटाला तेहतीस फेऱ्यांवर, कायमचा चिकटवून टाकला. भावजी धूळ पुसताना तो हलवतात असा संशय आहे. ते म्हणाले, मी जन्मात धूळ पुसलेली नाही, हवं तर तुझ्या ताईला विचार. ताईनेही लगेच तेच सांगितलं. दोघांचं आधी ठरलेलं दिसतं.

मोठी तबकडी तेहतीसवर, छोटी पंचेचाळीसवर, हे शेंबड्या पोरालाही कळतं. छोट्या तबकड्या मी ऐकत नाही. प्रश्न मिटला.

११ फेब्रुवारी, बुधवार
रेकॉर्ड ऐकायला जमणाऱ्या आमच्या मंडळाविषयी एकदा लिहून ठेवतो. सभासद तीन. ज्यांच्या घरी जमतो ते दातांचे डॉक्टर, पियानो शिकवणाऱ्या बाई आणि चष्म्याच्या दुकानाचा मालक, म्हणजे चष्मेवाला. महिन्याच्या शेवटच्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता. सगळे मशीनकडे पाठ करून बसतात, कव्हर बघून कोणी शहाणपणा करू नये म्हणून. सुई फक्त सभासदाने ठेवायची. मी अकरा महिने उमेदवार आहे. अकरा महिन्यांत सुईला बोट लावलेलं नाही.

उमेदवाराने वर्षाच्या शेवटी एका रेकॉर्डची शिफारस करायची. आधी लेखी नोट वाचायची, मग ऐकायचं. तिघांतले दोन हात वर झाले की सभासद. माझी शिफारस २९ मार्चला. दुसरी संधी नाही, असं डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

शाळा मी नववीत सोडली. त्या खोलीतल्या इतर कोणी सोडलेली नाही. पण असं रेकॉर्डही इतर कोणाकडे नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार
नोट लिहायला घेतली. वाजवणाऱ्याला तूर्त ‘अनामिक’ म्हणतो. अनुमानं: १) वय साठीच्या पुढे. २) दम्याचा त्रास, कारण श्वास फार लांब घेतो. ३) बायको नुकतीच गेलेली. ४) सोबतचा ड्रमवाला जुना मित्र, म्हणून तोही हळू वाजवतो, दुखवट्याला आल्यासारखा.

ताई म्हणाली, अरे, त्या कण्हणाऱ्या बाबाला जरा विश्रांती दे, कपड्यांच्या घड्या घालताना हात चालत नाहीत माझे. तिला सांगितलं, हे कण्हणं नाही, कला आहे. ती म्हणाली, मग कलेला औषध दे.

२२ फेब्रुवारी, रविवार
मंडळ. चष्मेवाल्याने तीनदा विचारलं, मार्चला काय आणताय? तीनदा. मी म्हणालो, बघू. तो म्हणाला, अहो, आम्हाला नाही तर कोणाला सांगणार? पियानोबाई म्हणाल्या, सोडा हो त्याला, लाजतोय तो. मी लाजत नव्हतो. मी त्याच्या डोळ्यांकडे बघत होतो. दुसऱ्यांच्या डोळ्यांचा धंदा करणारा माणूस स्वतःचे डोळे बरोबर लपवतो.

४ मार्च, बुधवार
चष्मेवाला आमच्या दुकानात! आम्ही वजनकाटे दुरुस्त करतो. तो घरचा काटा घेऊन आला, म्हणाला, बघा जरा, चुकतोय वाटतं. मी सगळी वजनं लावून तपासला. एका ग्रॅमचाही फरक नाही. मग आला कशाला?

जाता जाता म्हणाला, रद्दीवाल्याकडून काहीतरी घेतलंत म्हणे, नाव नसलेलं. म्हणजे रद्दीवाला फुटला! पुढे म्हणाला, अशा तबकडीचा स्पीड आधी नीट बघून घ्या हां, हवं तर एकदा माझ्या मशीनवर लावून बघू. मी म्हणालो, माझं मशीन उत्तम आहे. तो म्हणाला, तसं नव्हे हो, काही काही तबकड्या... मी म्हणालो, गिऱ्हाईक थांबलंय. गिऱ्हाईक नव्हतं. मालकांनी आतून ओरडून विचारलं, कुठलं रे गिऱ्हाईक?

त्याच्या मशीनवर लावायची, मग तो टेपवर उतरवून घेणार, मग शिफारस त्याची. मी काल जन्मलेलो नाही.

५ मार्च, गुरुवार
तबकडीवर कडेला पांढऱ्या पेन्सिलीने बारीक खूण केली. तीन ठिपके. आता कोणी बदलली तर लगेच कळेल.

१३ मार्च, शुक्रवार
नोट अकरा पानं. शुद्धलेखन दोनदा तपासलं. भावजींना चौथं पान वाचून दाखवलं. पत्नीवियोगाचं. ते म्हणाले, पण ती गेली हे तुला कोणी सांगितलं? मी म्हणालो, सुरांनी. ते म्हणाले, बरं झालं, माझ्या घोरण्यावरून तू काही लिहीत नाहीस.

१६ मार्च, सोमवार
दुकानात किराणावाल्याचा काटा पन्नास ग्रॅम चुकीचा लावून दिला. डोक्यात अनामिक होता. मालक म्हणाले, तुझं मन कुठंय? सांगितलं असतं तर त्यांना कळलं नसतं.

२१ मार्च, शनिवार
चष्मेवाल्याने तबकडी पुसायचा मऊ ब्रश पाठवला. सोबत चिठ्ठी: ‘उपयोगी पडेल. यश चिंतितो.’ कोणी फुकट यश चिंतत नाही. ब्रश वापरला नाही. ब्रशने खूण पुसली जाऊ शकते. हाच त्याचा हेतू.

निर्धार: २९ला पिशवी क्षणभरही खाली ठेवणार नाही. नोट वाचताना आवाज कापू देणार नाही. सभासद झाल्यावर त्याच्याशी सभ्यपणे पण तुटक वागायचं.

२९ मार्च, रविवार, दुपारी ३
सकाळी अकरा वेळा वाचून पाहिली. अठरा मिनिटं लागतात. आठव्या पानावर मला स्वतःलाच हुंदका येतो. तो तसाच ठेवणार. नवा शर्ट. ताई म्हणाली, नीट जा, घाबरू नकोस. मी घाबरलेलो नाही.

२९ मार्च, संध्याकाळी ७.४०
जे झालं ते क्रमाने लिहितो.

तबकडी डॉक्टरांच्या हातात दिली आणि हात धुवायला गेलो. दोन मिनिटं. खोलीत तिघंही होते. चष्मेवाला मशीनच्या सगळ्यात जवळ.

नोट वाचली. आवाज कापला नाही. हुंदका ठरल्याप्रमाणे आला. पियानोबाईंनी पदर डोळ्यांना लावला. सगळ्यांनी मशीनकडे पाठ केली, डॉक्टरांनी मागे जाऊन सुई ठेवली.

आणि वाजायला लागलं ते भलतंच. टणाटण उड्या मारणारं, लग्नाच्या वरातीत वाजवावं असं. सॅक्सोफोन पोरासारखा खिदळतोय. ड्रमवाल्याला तर उसंत नाही. डॉक्टरांचा पाय हलायला लागला. आणि शेवटी एक बाई खळखळून हसली. हीऽहीऽही.

मी उठलो. म्हणालो, तबकडी बदलली आहे. मी चष्मेवाल्याकडे बोट दाखवलं. म्हणालो, यांनी. पहिल्या दिवसापासून टपून आहेत. माझ्या दुकानात येऊन गेले. ब्रश पाठवला. याशिवायही बरंच म्हणालो. ‘चोर’ हा शब्द दोनदा आला. पिशवी तपासा म्हणालो. चष्मेवाल्याने चष्मा काढून पुसला आणि आपली पिशवी उलटी केली. आत छत्री होती.

डॉक्टरांनी तबकडी माझ्यासमोर धरली. कडेला तीन ठिपके. माझे.

मग त्यांनी समजावलं. काही मोठ्या तबकड्यासुद्धा पंचेचाळीसवर वाजवायच्या असतात. आवाज अधिक स्वच्छ येतो म्हणून तशा काढतात. मधल्या गुळगुळीत भागात आकडा कोरलेला होता, तो त्यांना लगेच दिसला. मला दोन महिन्यांत दिसला नाही, कारण मी तिथे पाहिलंच नाही. त्यांनी तेहतीसवर लावून दाखवली. माझा अनामिक वाजायला लागला. दमलेला, विधुर. पियानोबाई पियानोपाशी जाऊन सूर शोधायला लागल्या. म्हणाल्या, हा कुठल्याच पट्टीत बसत नाही, दोन पट्ट्यांच्या फटीत पडलाय बिचारा.

डॉक्टर म्हणाले, तुम्ही ज्याच्यासाठी रडलात ना, तो माणूस नाहीच हो.

मग म्हणाले, तुम्ही या आता. आम्हाला मतदान करायचंय.

चष्मेवाल्याची माफी मागायची राहिली. जिन्यात आठवलं. परत वर गेलो नाही.

३० मार्च, सोमवार
खटका स्क्रूड्रायव्हरने खरवडून सोडवला. पंचेचाळीसवर लावली. ताई स्वयंपाकघरातून बाहेर आली. म्हणाली, हे छान आहे रे, कोण आहे हा? म्हणालो, माहीत नाही. ती घड्या घालायला बसली, पाच मिनिटांत ढीग संपला.

मी भिंतीकडे तोंड करून बसलो होतो.

पियानोबाईंचा हात वर होणार. त्या माझ्या हुंदक्याला रडल्या आहेत. डॉक्टर न्यायी माणूस. ऐकण्यातली चूक तांत्रिक आहे, भाव खरा होता. दोन हात होतात. चष्मेवाला विरोधात जाणार हे धरूनच हिशेब केला आहे.

२ एप्रिल, गुरुवार
डॉक्टर स्वतः दुकानात आले. मालकांसमोर काही बोलले नाहीत, मला बाहेर बोलावलं. एकच हात. सभासद नाही.

मी विचारलं, स्पीडमुळे? ते म्हणाले, छे, तसा मीसुद्धा एकदा फसलोय. बाईंचंही तेच म्हणणं पडलं, स्पीड जाऊ दे, पण भरल्या घरात माणसाला चोर म्हणायचं म्हणजे काय? मी मान खाली घातली. मग विचारलं, एक हात कोणाचा? सांगायची पद्धत नाही, म्हणाले. मग म्हणाले, नाहीतर तुम्ही वर्षभर भलतंच काहीतरी समजत बसाल. चष्मेवाल्यांचा. हात वर करताना तेच म्हणाले, पोराचा कान तयार आहे, दोन महिने एकच बाजू ऐकतो म्हणजे गंमत नाही.

संध्याकाळी घरी येऊन वही उघडली. चष्मेवाल्याने असं का केलं, त्याचा यात काय फायदा, याची यादी करायला बसलो. क्रमांक एक लिहिला.

आता पावणेआठ झालेत. एकच्या पुढे अजून काही सुचलेलं नाही.