अंगठ्याखालची ओळ

३ फेब्रु.
प्रातःस्मरण, तुळशीस पाणी. आकुर्डीतील सोसायटीच्या वेदान्तवर्गात आज शिकवताना पृ. ११२ वर अडकलो. आम्ही वाचतो त्या टीकाग्रंथाचा हा दुसरा भाग वर्गातल्या जाधवरावांनी एका स्नेह्याच्या प्रतीवरून मोबाइलने पानोपान टिपून सर्वांस धाडलेला. त्यांचा जन्म दुचाकीच्या कारखान्यात गेला; काम चोख. मीच शाबासकी दिली होती. केवळ ११२ वर त्यांचा अंगठा आला आहे. विषय अस्तेय, म्हणजे चोरी न करणे, आणि निष्कर्षाची ओळ नेमकी त्याखाली. स्नेही प्रतीसह नांदेडला परतले.

५ फेब्रु.
सांगवीस सुमतीबाईंना दूरध्वनी. टीकाकारांच्या पत्नी, प्रकाशन घरूनच पाहतात. ती ओळ सांगावी अशी विनंती केली. अंगठ्यामुळे दिसत नाही, हेही भाबडेपणाने सांगून बसलो.
त्या म्हणाल्या, "अप्पा, आमच्या पुस्तकात अंगठा छापलेला नाही हो."
हसल्या. विषय बदलावा म्हणून तिसऱ्या भागाची चौकशी केली. हस्तलिखित तयार, पण दुसऱ्या भागाच्याच प्रती माळ्यावर पडून. म्हणून छपाई थांबलेली. मला ७९ चालू आहे. तो भाग वाचल्यावाचून जाणे...
ओळ सांगितली नाहीच. "ती पुस्तकात आहे."

६ फेब्रु.
वर्गात सर्व कथन केले. जाधवराव म्हणाले, "फोटो काढल्यानं तिथलं एक पान तरी कमी झालं का, अप्पा?"
उत्तर सुचले ते घरी, स्नानाच्या वेळी: चोरलेली वस्तू धन्यापाशी उरत नाही, ही उरते, आणि उरते म्हणूनच माळा भरला आहे.
जाधवरावांचा तोडगा: सांगवीस जाऊन हस्तलिखिताचेच फोटो काढावेत. "या खेपेला अंगठा बाजूला ठेवतो." सगळे हसले. मीही हसलो, हे लिहिणे भाग आहे.

८ फेब्रु.
बसने सांगवी. एक प्रत विकत घेतली. सुमतीबाईंनी चहा दिला, लाडू दिला, अंगठ्याची खुशालीही विचारली. परतताना बसमध्येच ११२ उघडले. ओळ अपूर्व. या वहीतही उतरवीत नाही.
जाधवराव फाटकातच उभे. "काय निघालं, अप्पा?"
पुस्तक पिशवीतच ठेवले. उद्या बघू, म्हटले.
वाचून दाखवावी, तर सर्वांची जिज्ञासा शमेल आणि माळा तसाच राहील. न दाखवावी, तर शिकवणाराच ज्ञान दडवतो, तोही दोषच. शास्त्र दोन्हीकडून बोलते आहे.
वर्ग सकाळी साडेसहास. आताच जाधवरावांचा निरोप आला: उद्या कोणीही गैरहजर राहणार नाही.