खारी रोपं आणि मेहरंगीजचं स्थळ

आदरणीय एस्कंदरमामांना रफसंजानहून भाचा नसरोल्लाचा सलाम. मामींचा गुडघा आता जिना चढू देतो का? यंदा अक्रोड कसे लागलेत? इकडे आम्ही खुशाल आहोत, विहीर तेवढी नाही. ती दरसाल जास्तच खारी होते आहे. वडिलांनी लावलेल्या पिस्त्यांच्या पानांच्या कडा करपतात आणि निम्मी झाडं वाळायला लागली आहेत. (वडील असते तर त्यांनी दोष विहिरीला नसता दिला, मला दिला असता.)

म्हणून मी रोपं पारखायला घेतली. गावोगावच्या पिस्त्यांचं बी आणून अंगणात कुंड्यांत रुजवलं आणि रोपांना पाणी हळूहळू जास्त खारं करून पाजत गेलो. बहुतेकांनी माना टाकल्या, पण काही तरारून उभी राहिली. अशी झाडं मीठ मुळापाशीच अडवतात, पानापर्यंत फारसं चढू देत नाहीत. (आमची तूबा म्हणते, तिच्या माहेरची माणसंही राग अशीच पोटात ठेवतात. मी वाद घातला नाही.) टिकलेल्या रोपांवर आपल्या चांगल्या पिस्त्याचं कलम बांधायचं, की बाग वाचली.

आता चूक एवढीच झाली की ते खारं पाणी मी टँकरच्या गोड्या पाण्याशेजारी, तसल्याच कॅनमध्ये ठेवत होतो. गेल्या शुक्रवारी मेहरंगीजला पाहायला मंडळी आली (आधीची स्थळं पोरीने कशी परतवली, ते तुम्ही जाणताच, एकाला तर तो हसतो कसा यावरून) आणि तूबाने घाईत चहाच्या पाण्याचा समोवार माझ्या कॅनमधून भरला. मुलाच्या आईने पहिला घोट घेतला आणि साखरेचे खडे मूठभर तोंडात टाकले. मुलाचे वडील खोकत अंगणात गेले ते कुंड्यांपाशीच रमले. मुलगा ईरज मात्र शांतपणे पेला रिकामा करून म्हणाला, "अजून मिळेल?"

मेहरंगीजने तोवर स्वतःचा चहा चाखला होता. तिने उठून त्याचा पेला भरला आणि तो संपेपर्यंत त्याच्याकडे बघत बसली. मंडळी गेल्यावर आईला म्हणाली, "हा चालेल. इतका खारट चहा प्यायला, पण तुला खाली बघायला लावलं नाही."

तर लग्न ठरलं. मुलाच्या वडिलांनी जाताना दोन रोपंही मागून नेली. मी फार सुखात आहे, मामा.

आपला,
नसरोल्ला

ता.क. काल ईरज एकटाच येऊन गेला. लहानपणी तापात त्याची चव गेली ती परत आलीच नाही म्हणे. "त्या दिवशी चहा बरा होता ना?" असं त्यानेच विचारलं. मी म्हटलं, उत्तम होता.

ता.क. न राहवून हे मेहरंगीजला सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, माझ्या हातचं तुम्ही जेवलाय ना? मग असा नवरा पुन्हा कुठे मिळणार?"

ता.क. पत्राचं खरं कारण राहिलंच. लग्न पिस्ते उतरल्यावर आहे. येताना तुमच्याकडच्या झऱ्याच्या पाण्याने ट्रक भरून आणाल का? मुलाच्या आईने बाकी काहीच मागितलेलं नाही.